जलरंग शिकायचे आहेत: कागद, रंग, ब्रश नेमके कोणते घ्यावेत?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. छंद म्हणून जलरंग शिकायचं ठरवलं आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट शाळेत झाल्या, त्यानंतर काही नाही, म्हणजे शून्यापासूनच धरा. निसर्गचित्रं आणि घरातल्या वस्तू, एवढीच झेप. रोज अर्धा तास मिळतो. राहायला ठाण्यात. सुरुवातीचं बजेट ३००० रुपये.

तयार २४ रंगांचा सेट घ्यावा की सुट्या ट्यूब? साधा ड्रॉइंग पेपर सरावाला चालतो का? ब्रश किती आणि कोणते? क्लास न लावता जमेल का? व्हिडिओ बघून गोंधळ वाढलाच आहे, दर व्हिडिओत वेगळी यादी.

गेरू
निम्मे पैसे कागदावर घाला. उरलेल्यातले हजारेक रंगांवर आणि बाकीचे ब्रश व किरकोळ सामानावर. बहुतेक जण नेमकं उलट करतात: २४ रंगांची चकचकीत पेटी, १२ ब्रशचा जुडगा आणि कागद मात्र कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतला. मग वॉश (पाणीदार रंगाचा सलग पसरट हात) नीट बसत नाही आणि माणूस समजतो की आपल्या हातात कला नाही.

शाळेतला ड्रॉइंग पेपर साधारण १२० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). त्यावर पाणी पडलं की तंतू फुगतात, कागदाला लाटा येतात. रंग लाटेच्या खळग्यात जाऊन साचतो आणि तिथे गडद डाग धरतो. यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. पेन्सिलच्या कच्च्या आराखड्यांना तो पेपर उत्तम, ओल्या वॉशला नाही.

जलरंगासाठी किमान ३०० जीएसएम. त्यातही दोन जाती. लाकडाच्या लगद्याचा कागद (कॅन्सन मॉन्टवाल या जातीतला) स्वस्त पडतो. त्यावर रंग वरच्यावर बसतो, त्यामुळे ओल्या ब्रशने सहज उचलता येतो. चूक पुसायला बरं, पण दुसरा थर द्यायला गेलात की पहिला उठून येतो. शिवाय तो सारखा सुकत नाही, मध्ये ओला आणि कडेला कोरडा असा प्रकार होतो. १०० टक्के कॉटनचा कागद पाणी धरून ठेवतो, वॉश जास्त वेळ ओला राहतो, थरावर थर देता येतो. आर्श, सॉन्डर्स वॉटरफर्ड, फाब्रियानो आर्टिस्टिको ही मोठी नावं, किमतीही तशाच. आपल्याकडे ब्रुस्ट्रोचा १०० टक्के कॉटन त्यांच्या मानाने परवडतो. पण पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून घ्या, त्यांचाच २५ टक्के कॉटनचाही येतो आणि दोन्हींची पाकिटं घाईत सारखीच वाटतात.

पोत कोल्ड प्रेस (किंचित खरबरीत) घ्या. हॉट प्रेस गुळगुळीत असतो, त्यावर पाणी नवख्याला आवरत नाही. रफ नंतर कधीतरी.

पॅड किंवा ब्लॉक घेण्यापेक्षा सुटे शीट घ्या. पूर्ण शीट २२ × ३० इंचाचा असतो. तो अर्धा, पाव, अष्टमांश असा दुमडून, घडीवर बोथट सुरी फिरवून फाडायचा. अष्टमांश तुकडा साडेसात बाय अकरा इंच, सरावाला एकदम योग्य. चार शीटचे ३२ तुकडे, आणि मागची बाजूही वापरता येते, म्हणजे ६४ सराव. हिशेब केलात तर कॉटन वाटतो तेवढा महाग नाही.

सुटा हातकागद घ्यायचा असेल तर आधी एकच शीट घ्या. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. काही सेकंदांत आत जिरून गडद ठिपका उमटला तर त्या कागदाला सायझिंग (वरचा चिकट लेप, बहुधा जिलेटिनचा) कमी आहे. तो टीपकागदासारखा वागणार. थेंब फुगीर राहिला तर बिनधास्त घ्या.

पीबी_एकोणतीस
गेरूंना +१. रंगांचं मी लिहितो.

२४ रंगांचा सेट नको. त्यातले निम्मे रंग उरलेल्या निम्म्यांच्या मिश्रणातून तयार होतात, आणि पेटीतला तयार हिरवा हाताशी असला की माणूस मिश्रण शिकतच नाही. सुट्या ट्यूब घ्या, आर्टिस्ट दर्जाच्या. स्टुडंट रंगात रंगद्रव्य कमी आणि भराव जास्त, म्हणून वॉश दुधट दिसतो. कॅमलचेही दोन्ही दर्जे मिळतात, ट्यूबवर ‘आर्टिस्ट’ लिहिलेलं बघा. विन्सर अँड न्यूटनची कोटमन ही मालिका स्टुडंट दर्जाची असली तरी चांगली आहे, ती चालेल.

आता महत्त्वाचं. ट्यूबच्या समोरच्या बाजूला जे नाव असतं त्याला फार अर्थ नाही. मागे रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचा. नावापुढे ‘ह्यू’ लिहिलं असेल तर मूळ रंगद्रव्य नसून त्याच्या जवळपास जाणारं दुसरं काहीतरी आहे. शक्यतो एकच क्रमांक असलेले रंग घ्या. दोन-तीन क्रमांकांचे दोन रंग मिसळलेत की प्रत्यक्षात पाच-सहा द्रव्यं एकत्र येतात आणि चिखल होतो.

सहा पुरेत (कंसात रंगद्रव्याचा क्रमांक):

लेमन यलो (पीवाय ३)
यलो ऑकर (पीवाय ४२ किंवा ४३)
परमनंट रोझ किंवा क्विनाक्रिडोन रोझ (पीव्ही १९)
बर्न्ट सिएना (पीबीआर ७ किंवा पीआर १०१)
अल्ट्रामरीन (पीबी २९)
थॅलो ब्लू (पीबी १५)

फुलांचं वेड असेल तर सातवा एखादा केशरी झाक असलेला लाल, गुलमोहर रोझमधून हवा तसा उतरत नाही. अलिझरिन क्रिमझन (पीआर ८३) टाळा. दिसायला सुंदर, पण उजेडात फिका पडतो. भिंतीवर लावलेल्या चित्रातला लाल काही वर्षांत निघून जातो.

मिश्रणं पाठ करण्यासारखी दोन-तीनच आहेत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून करडा. निळा जास्त घातला की पावसाळी ढग, सिएना जास्त घातला की ओली माती, झाडाचं खोड. दोन्ही घट्ट घेतले तर जवळजवळ काळा होतो, म्हणून काळी ट्यूब लागत नाही. थॅलो आणि लेमन यांचा हिरवा प्लास्टिकच्या बादलीसारखा भडक येतो. केळीच्या कोवळ्या पानाला तो चालेल, बाकी कुठे नाही. त्यात टोकभर सिएना किंवा रोझ टाका, लगेच शांत होतो. आंब्याच्या झाडाचा गडद हिरवा हवा तर थॅलो आणि सिएना, पिवळा अगदी नावाला. जांभ्याच्या भिंतीला सिएनात थोडा रोझ, आणि तिच्या सावलीला त्याच मिश्रणात अल्ट्रामरीन. सावलीसाठी वेगळा रंग शोधू नका.

थॅलो जपून. कणभर थॅलो अख्ख्या वाटीचा रंग बदलतो. पिवळ्यात निळा घालायचा, निळ्यात पिवळा नाही, नाहीतर अर्धी ट्यूब लेमन संपेल.

पॅलेटसाठी चिनी मातीची पांढरी ताटली सर्वांत बरी. प्लास्टिकचं नवं पॅलेट असेल तर त्यावर रंगाचे थेंब गोळा होऊन बसतात, मिश्रण पसरत नाही. टूथपेस्ट लावून घासलं की तुळतुळीतपणा जातो.

रिगर
ब्रशचं आटोपशीर: तीन. टोकदार गोल १० किंवा १२ नंबर, गोल ६ नंबर, आणि एक इंची चपटा. सिंथेटिक घ्या. कॅमलच्या ६६ मालिकेतले गोल आणि ६७ मधले चपटे सुरुवातीला व्यवस्थित पुरतात. नंबरांवर आंधळा विश्वास नको, एका कंपनीचा १० दुसरीच्या ८ एवढा असतो.

दुकानात ब्रश पाण्यात बुडवून एकदा झटकून बघा. केस एका टोकात आले तर घ्या, दोन फाटे पडले तर ठेवून द्या. नव्या ब्रशला खळ लावलेली असते म्हणून कोरडा असताना सगळेच टोकदार दिसतात, त्याला भुलू नका. तीन नंबरच्या खालचा ब्रश घेऊच नका. बारीक ब्रश हातात आला की पानन् पान रंगवायचा मोह होतो. मोठ्या ब्रशलाही टोक असतं.

ट्यूबमधला घट्ट रंग कालवायला जुना, टोक गेलेला ब्रश. चांगला ब्रश त्यासाठी वापरलात की महिन्याभरात त्याचाही जुना होतो. आणि ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा सोडायचा नाही. टोक वाकतं, दांड्याचं लाकूड फुगतं, मग धातूची नळी सैल होते.

बाकी सामान: पाण्याची दोन भांडी (एक धुवायला, एक स्वच्छ), जुना सुती पंचा, मास्किंग टेप, बोर्ड म्हणून १२ × १६ इंचांचा एमडीएफचा (दाबून केलेल्या लाकडी भुशाचा) तुकडा, फवाऱ्याची छोटी बाटली, एचबी पेन्सिल, मऊ मळता येणारा खोडरबर. साध्या रबराने घासाघीस केली की कागदाचा लेप निघतो आणि तिथे रंग जास्त मुरतो. हा डाग चित्र सुकल्यावरच दिसतो.

खरेदीला पुण्यात अप्पा बळवंत चौक. मुंबई-ठाण्याचं स्थानिक लोक सांगतील. ब्रश तरी प्रत्यक्ष बघून घ्या, कागद-रंग ऑनलाइन मागवले तरी चालतात.

पोस्टरपंथी
थोडं वेगळं मत मांडतो. धागाकर्तीने/कर्त्याने इंटरमिजिएट केलेली आहे, म्हणजे पोस्टर कलरची ओळख आहे. मग तिथूनच सुरुवात का नको? अपारदर्शक रंगात चूक झाकता येते, गडदावर फिका देता येतो, कागद साधा चालतो. जलरंगात पहिले सहा महिने नुसते वॉश ओढत बसायचं, त्यात निम्मे लोक गळतात. आणि कॉटनचा महाग कागद पुढ्यात असला की हात आखडतो.

गेरू
@पोस्टरपंथी, हात आखडतो हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे शीट घरी आणल्या दिवशीच सगळा फाडून ठेवायचा. अष्टमांश तुकड्यांची चळत पुढ्यात असली की कागदाचा धाक राहत नाही. अख्खा शीट जपून ठेवला की तो कपाटातच पिवळा पडतो.

पोस्टर कलर वाईट नाही. रंगछटा, उजेड-सावली, रचना हे सगळं त्यात शिकता येतं आणि ते पुढे कामी येतं. पण हात मात्र उलटा वळतो. त्यात आकार सपाट भरायचा असतो, फिका रंग शेवटी येतो आणि पांढरा ट्यूबमधून. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद, आणि क्रम फिक्याकडून गडदाकडे. परीक्षेची ती ‘कडेपर्यंत नीट भरा’ ही सवयच जलरंगात सर्वांत जास्त नडते. ज्यांना जलरंगच करायचे आहेत त्यांनी वळसा घेऊ नये असं माझं मत. ज्यांना नुसतं रंगवायचं आहे त्यांनी जरूर पोस्टर घ्यावेत, गाडी लवकर सुटते.

पोस्टरपंथी
‘ज्यांना नुसतं रंगवायचं आहे’ हा टोमणा आवडला. बाकी क्रमाचा मुद्दा मान्य.

ओला_वॉश
सामानावर चर्चा भरपूर झाली. आता रोजच्या अर्ध्या तासात काय करायचं ते.

जलरंगात शिकायची गोष्ट मुळात एकच: ब्रशमध्ये किती पाणी आहे आणि कागदावर किती आहे, याचा अंदाज. मिश्रणाच्या चार जाडी लक्षात ठेवा: चहा, ताक, दही, श्रीखंड. चहा म्हणजे ताटली तिरकी केली की धावतो. आकाश, पहिला हात. ताक सावकाश ओघळतं. मधली झाडी, भिंती. दही जागेवरून हळूच सरकतं. जवळची गडद झाडं, सावल्या. श्रीखंड हलत नाही. शेवटचे दोन-चार ठिपके, खिडकीच्या आतला काळोख. चित्र याच क्रमाने पुढे जातं. ओल्या ताकावर चहा टाकलात की बिघाड झालाच म्हणून समजा.

पहिला सराव सपाट वॉश. तुकडा चारी बाजूंनी टेपने बोर्डवर चिकटवा. बोर्डाखाली एखादं पुस्तक घालून वरची बाजू दीड-दोन इंच उचला. अल्ट्रामरीन ताकापेक्षा पातळ, वाटतो त्याच्या दुप्पट कालवून ठेवा; अर्ध्यात रंग संपला की पुन्हा तीच छटा जुळत नाही. मोठा ब्रश गच्च भरून वरून एक आडवा पट्टा ओढा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा लांबट ओघळ जमतो. ब्रश पुन्हा भरून दुसरा पट्टा त्या ओघळाला स्पर्श करत ओढा, म्हणजे ओघळ खाली येतो. असं तळापर्यंत. गेलेल्या पट्ट्यावर परत फिरायचं नाही, कितीही खुणावलं तरी. तळाला पिळलेल्या ब्रशने उरलेला ओघळ टिपून घ्या आणि बोर्ड तिरकाच सुकू द्या. आडवा ठेवलात तर ओघळ मागे पसरतो.

हे सलग पाच-सहा वेळा बिनडाग जमलं की उतरता वॉश: प्रत्येक पट्ट्याला ब्रशमध्ये थोडं पाणी वाढवत जायचं, वर गडद आणि तळाला जवळजवळ पांढरा. हेच आकाश.

मग ओल्यावर ओलं. कागद स्वच्छ पाण्याने भिजवा आणि थांबा. हे थांबणं म्हणजे निम्मी विद्या. कागद तिरक्या नजरेने बघा. आरशासारखा चकाकत असेल तर रंग टाकल्यावर वाटेल तिकडे धावेल. चकाकी उतरून रेशमी झाक राहिली की रंग टाका, कडा मऊ राहतात आणि आकारही टिकतो. ढग, लांबचे डोंगर याच वेळी. झाक गेली पण हाताची मागची बाजू लावल्यावर गार लागतो, तर हात मागे घ्या, या वेळी काहीही केलं तरी डागच पडतो. गार लागेनासा झाला म्हणजे खरंच सुकला, आता दुसरा थर द्यायला हरकत नाही.

यानंतर एकरंगी चित्रं. फक्त अल्ट्रामरीन-सिएनाचा करडा घ्या. आधी फिक्यापासून गडदपर्यंत पाच चौकोन भरा. मग खिडकीजवळ एकाच बाजूने उजेड पडेल असा कांदा, लसणाचा गड्डा किंवा मातीचा बोळका ठेवा आणि फक्त त्या पाच छटांत काढा. स्टीलचं भांडं सुरुवातीला नको, त्यातली प्रतिबिंबं छळतात. डोळे किलकिले करून बघितलं की बारकावे जातात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. तेच रंगवायचे. निसर्गचित्राआधीही दोन-तीन इंचांचा पेन्सिल आराखडा करा, फक्त तीन छटांत. तो आराखडा फसला असेल तर मोठं चित्र कधीच तारत नाही.

एक ध्यानात ठेवा, जलरंग सुकल्यावर एक पायरी फिका होतो. ओला असताना अगदी बरोबर वाटला तर तो सुकल्यावर कमीच पडणार.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. गेरूंच्या हिशेबाने कॉटनचे शीट, पीबींचे सहा रंग, तीन ब्रश घेतले. ओला_वॉश यांचे सराव करून पहिलं निसर्गचित्र पाव शीटवर केलं. अडलेलं असं:

१. आकाशात आडवे पट्टे दिसतात.
२. टेपच्या कडेपासून आत फुलकोबीसारखे डाग आले आहेत.
३. झाडं मळकट झाली, हिरवी वाटतच नाहीत.
४. टेप काढताना एका बाजूने कागद सोलला.

पंखा चालू होता, गोल ६ नंबर ब्रश वापरला, हे सांगून ठेवते.

ओला_वॉश
निदान तुम्हीच करून ठेवलंत.

पट्टे: पाव शीट म्हणजे ११ × १५ इंच. तेवढ्या रुंदीला ६ नंबर ब्रश एका दमात पुरत नाही. तो भरायला जाईपर्यंत पंख्याने आधीच्या पट्ट्याची कड सुकते आणि पुढचा पट्टा तिच्यावर चढतो, जोड दिसतो. एक इंची चपटा घ्या, वॉश संपेपर्यंत पंखा बंद. अडीच-तीन मिनिटांचा प्रश्न आहे.

फुलकोबी: अर्धवट सुकलेल्या वॉशमध्ये जास्त पाणी शिरलं की ते पाणी रंगाचे कण पुढे ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे दातेरी कड सोडतं. तुमच्या बाबतीत पाणी टेपच्या कडेला साचलं होतं. मधला भाग सुकायला लागल्यावर ते आत खेचलं गेलं. वॉश झाल्याबरोबर पंच्याचं टोक टेपवरून चारी बाजूंनी फिरवायचं, कागदाला न लावता. डाग पडलाच तर ओला असताना त्याच्याशी झटापट करू नका. पूर्ण सुकू द्या, मग ओलसर ब्रशने फक्त दातेरी कड हलकेच चोळून टिपा.

मळकट झाडांचं पीबींना विचारा, पण फोटो न बघताही अंदाज सांगतो: आकाश गार लागत असतानाच झाडं काढायला घेतली असणार. खालचा निळा वर आला.

टेप: पूर्ण सुकल्याशिवाय काढायची नाही. काढताना वर उचलायची नाही. स्वतःवरच मागे दुमडून, कागदाला जवळजवळ टेकवून, चित्रापासून बाहेरच्या दिशेने हळू ओढायची. अडली तर हेअर ड्रायरची ऊब द्या, गोंद सैल पडतो. चिकटवण्याआधी टेप एकदा अंगावरच्या कपड्याला लावून काढली की तिचा जोरही कमी होतो.

पीबी_एकोणतीस
झाडांना किती रंग मिसळले होते? तीनहून जास्त असतील तर उत्तर तिथेच आहे. दुसरं, पॅलेटवर मिश्रण एकजीव होईपर्यंत घोटू नका. निळा आणि पिवळा अर्धवट मिसळलेले कागदावर गेले तर पानांत आपोआप दोन-तीन हिरवे दिसतात. घोटलेला हिरवा मेलेला दिसतो. तिसरं, धुण्याचं पाणी. ते चहाच्या रंगाचं झालं की बदला; बहुतेकांचा पिवळा इथेच मरतो.

आणि झाड पान-पान करून काढू नका. उजेडाची बाजू आधी फिकी, पिवळसर, एका हातात. ती ओलसर असतानाच सावलीच्या बाजूला दह्याएवढा गडद हिरवा टेकवा आणि सोडून द्या. मधली छटा पाणी स्वतः तयार करतं. मध्ये आकाशाची दोन-चार भोकं ठेवा, नाहीतर झाडाचा पुठ्ठा होतो.

निळी_शाई
पाच रंग होते. 🙈 आणि आकाश गार होतं. क्लासचं कोणीच बोललं नाही?

रिगर
हाताचे सराव घरी होतात. क्लासचा उपयोग दुसरं कोणी तुमचं चित्र बघून चूक दाखवण्यापुरता, आणि शिक्षक समोर बसून पूर्ण चित्र करून दाखवत असेल तर वेळेचा अंदाज यायला. पाणी टाकल्यावर तो किती वेळ थांबतो हे कापाकापी केलेल्या व्हिडिओत दिसत नाही. लावण्याआधी एक तास बसून बघा. सगळ्या विद्यार्थ्यांची चित्रं एकाच फोटोवरून एकसारखी उतरलेली असतील तर पैसे वाचवा.

त्यापेक्षा मूळ चित्रं बघा. ठाण्याहून सीएसएमटीला उतरलं की काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी चालत जाण्यासारखी आहे, प्रदर्शनं सतत बदलत असतात. जलरंगाचं चित्र समोरून बघून झालं की बाजूला सरकून तिरकं बघा. कागद कुठे कोरा ठेवलाय, कुठे रंग उचललाय, किती थर आहेत हे कळतं. छापील प्रतीत यातलं काही उतरत नाही.

अवांतर: म्हैसूरला गेलात तर जगनमोहन पॅलेसमधलं सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ चुकवू नका. हातात समई धरलेली बाई, दुसऱ्या हाताच्या बोटांतून झिरपणारा उजेड. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. ते तैलरंगात असेल असंच पुष्कळांना वाटतं. जलरंगात किती गडद जाता येतं हे बघायला त्याच्यासमोर उभं राहावं. आपण सगळे सुरुवातीला गडद टाकायलाच घाबरतो, आणि चित्र धुतल्यासारखं दिसतं.

सागवान
ठाण्याचा उल्लेख आहे म्हणून पावसाळ्याचं विचारून ठेवतो. माझाही कोकणपट्ट्यातला प्रश्न आहे. कागदाला आणि रंगांना बुरशी येते, काय करावं?

गेरू
जुलै-ऑगस्टमध्ये कागदाचा लेप दमटपणाने खराब होतो. वरून काही दिसत नाही, रंग लावल्यावर मात्र ठिपक्या-ठिपक्यांनी आत मुरतो. तसा कागद पुन्हा ठीक होत नाही, सपाट वॉशला तर नाहीच; कोरड्या ब्रशच्या कामाला किंवा रंग तपासायला संपवा. म्हणून मे महिन्यातच कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, तोंड टेपने बंद करून सपाट ठेवा. पिशवी बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा माळ्यावर नको. एका वेळी आठवड्यापुरतेच तुकडे बाहेर काढा. आणि पावसाळ्याच्या तोंडावर कागदाचा साठा करू नका, दुकानात तो कसा ठेवला होता ते आपल्याला माहीत नसतं.

पीबी_एकोणतीस
रंगांचं: काम झाल्यावर पॅलेट ओलं असताना झाकण लावायचं नाही, बुरशी येते ती यामुळेच. रात्रभर उघडं, पंख्याखाली. वरवर पांढरी बुरशी दिसली तर ओल्या टिश्यूने तो थर काढून टाका. आतपर्यंत गेली असेल किंवा वास येत असेल तर ती वडी (पॅलेटच्या खाचेत वाळलेला रंग) फेकून द्या, रंग वाचवायच्या नादात बाकीच्या वड्याही जातात.

उन्हाळ्यात उलटी तक्रार असते, ट्यूबमधून काढून वाळवलेला रंग तडकून सुटतो. तेव्हा खाचेत रंग भरताना काडीने ग्लिसरीनचा एक थेंब मिसळा. तोच थेंब पावसाळ्यात घालू नका, रंग वाळतच नाही. मध घातलेले रंग, उदाहरणार्थ सेनेलियर, दमट हवेत असेही चिकट राहतात. त्यांची पेटी बॅगेत उभी ठेवलीत तर पिवळा थेट निळ्यात जाऊन बसतो.

ओला_वॉश
पावसाळ्यात वॉश सुकायला खूप वेळ घेतो. घाई असेल तर हेअर ड्रायर, पण चकाकी पूर्ण गेल्यावरच आणि हातभर अंतरावरून. पाणी चकाकत असताना ड्रायर मारलात तर हवा ते पाणी ढकलते आणि तीच फुलकोबी. ओल्यावर ओलं शिकायला मात्र हेच दिवस चांगले. चकाकी उतरायला एवढा वेळ लागतो की नवख्यालाही तिन्ही टप्पे निवांत बघता येतात. मे महिन्यात नागपूरला हे करून बघा, ब्रश उचलेपर्यंत कागद कोरडा. तिकडच्यांनी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लास्टिकच्या किंवा ॲक्रिलिकच्या शीटवर सपाट चिकटवावा, टेप लागत नाही आणि ओल बरीच टिकते.

निळी_शाई
दुसरं झाड दोन रंगांत केलं, पंखा बंद ठेवून. भोकं ठेवायला विसरले. बाकी हिरवं दिसतंय.